पणजीच्या थडग्याचा कागद

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या चर्चच्या फलकावर दफनभूमी समितीची एक नोटीस लागली. इंदूरच्या ज्या जुन्या दफनभूमीत आमच्या घरच्या माणसांना मूठमाती दिली गेली आहे, तिथे नवीन थडग्यांसाठी जागा उरलेली नसल्यामुळे साठ वर्षांहून जुन्या थडग्यांची पाहणी होणार होती. ज्यांचे वारस ३१ ऑगस्टपर्यंत नात्याच्या पुराव्यासह अर्ज करून पंधरा वर्षांचे शुल्क भरणार नाहीत, ती जागा पुन्हा वापरात घेतली जाईल, असे त्यात लिहिले होते. अशा नोटिशीत गैर काही नाही. दफनभूमीच्या भिंती आहेत तिथेच राहतात आणि माणसे मात्र जायची थांबत नाहीत. पण त्या जुन्या भागात माझ्या पणजीचे, म्हणजे वडिलांच्या आजीचे, थडगे आहे. ते कुठे आहे हे आम्हांला पक्के ठाऊक होते, मात्र त्यात विसावलेली बाई आमची पणजी आहे हे सांगणारा एकही कागद घरात नव्हता. तो कागद उभा करण्यात वर्ष गेले. ओळखीच्या अनेक घरांपुढे आता हाच प्रश्न आहे, म्हणून झाले तसे क्रमाने लिहीत आहे.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते ते एवढेच: पणजोबा नगरकडचे, इंदूरच्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि ‘प्लेगात गेले’, पणजीने बायबलबाई म्हणून, म्हणजे घरोघरी बायबल वाचून दाखवणारी मिशनची सेविका म्हणून, वस्त्यावस्त्यांतून फिरून एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, वाढवले. आजोबांचा जन्म १९११चा. पणजोबांचे थडगे कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आत्याला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, दादांनी (म्हणजे माझ्या आजोबांनी) आपल्या वडिलांचा विषय घरात कधी काढलाच नाही, मग आम्ही तरी कशाला विचारतोय!” तरीही आत्याकडेच मी सर्वांत आधी गेले, आणि तसेच करावे असे सर्वांना सांगेन. कागद कपाटात थांबतात, माणसे थांबत नाहीत. तिने सांगितलेले मी फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतले आणि तिच्याकडच्या ट्रंकेतून आजोबांच्या नोकरीच्या सेवापुस्तकाची जीर्ण प्रत मिळवली. तिच्यात आजोबांच्या वडिलांचे पूर्ण नाव होते. पुढच्या साऱ्या शोधाला हे नाव लागले.

मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत, थडगे वाचायला घेतले. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता आणि त्या पहाटेच्या उपासनेसाठी सगळेच आपापली थडगी साफ करतात, त्यामुळे कुणाच्या परवानगीचा प्रश्न आला नाही. पणजीचे थडगे म्हणजे चुन्याचा गिलावा केलेला विटांचा बुटका ओटा आणि डोक्याकडच्या बाजूला तिरकी बसवलेली पांढऱ्या संगमरवराची पाटी. पाटीवरची अक्षरे कोरून त्यांत काळा रंग भरलेला होता. तो रंग आता फक्त काही वेलांट्यांच्या खाचेत शिल्लक आहे. वरचे नाव स्पष्ट दिसत होते. त्याखाली जन्म १८८४, मृत्यू ७ जून, आणि सालाचे पहिले तीन आकडे १, ९, ३. शेवटच्या आकड्यावर आणि त्याखालच्या दोन ओळींवर राखाडी दगडफूल चढलेले होते.

तिथल्या राखणदाराने आपुलकीने ॲसिडची बाटली पुढे केली. पुष्कळ ठिकाणी थडगी अशीच ‘चकाचक’ करून देतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडले की वरचा थरच विरघळतो, आणि कोरलेल्या अक्षरांच्या कडा सर्वांत आधी बोथट होतात. तारेचा ब्रश, खडू, पीठ, तेल हेही टाळावे. आम्ही साधे पाणी, लहान मुलाचा मऊ टूथब्रश आणि बांबूची काडी एवढ्यावर भागवले. पाटी भिजवून काही वेळ तशीच ठेवली की दगडफूल फुगून सैल होते आणि काडीने हलकेच निघते. जे निघत नाही ते तसेच राहू द्यावे.

शेवटचा आकडा तरीही लागेना. तो १ वाटत होता आणि ९ही वाटत होता. देवनागरीत झिजलेल्या दगडावर हे दोन आकडे एकमेकांत सहज मिसळतात. दिवसाउजेडी समोरून काढलेल्या छायाचित्रात काहीच उमटले नाही. संध्याकाळी अंधार पडता पडता भाच्याने टॉर्च पाटीच्या डाव्या कडेला, अगदी दगडाला टेकवून, आडवा धरला. प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत गेला तशा खाचा सावलीने भरल्या आणि खालच्या दोन्ही ओळी वर आल्या: एका ओळीत ‘प्रकटी. १४:१३’, आणि तिच्याखाली ‘मुलाने बसविली, १९५४’. पहिली ओळ म्हणजे बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकातल्या वचनाचा संदर्भ, तो नवीन नव्हता. प्रभूमध्ये मरणाऱ्यांविषयीचे ते वचन मराठी थडग्यांवर ठायी ठायी भेटते. खालची ओळ मात्र महत्त्वाची होती, कारण पाटी मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी बसली असे तिच्यावरून कळत होते. शेवटचा आकडा टॉर्चमध्ये ९कडे झुकलेला दिसला, पण शपथेवर सांगावे इतका नव्हे. वहीत मी ‘१९३९, कदाचित १९३१’ अशी नोंद केली. जे दिसते तेच लिहावे आणि जे वाटते ते वेगळ्या रकान्यात लिहावे, ही सवय पुढे फार उपयोगी पडली.

त्याच संध्याकाळी आजूबाजूच्या थडग्यांचीही छायाचित्रे घेतली. एका दगडापाशी गेलेल्या माणसाने चारही बाजूंच्या दगडांकडे पाहिल्याशिवाय परत फिरू नये, कारण जुन्या दफनभूमीत शेजार हा बहुधा योगायोग नसतो. पणजीच्या ओट्याच्या उजव्या हाताला, गवतात बुडालेला, जेमतेम वीतभर रुंदीचा काळ्या पाषाणाचा दगड होता. मालव्यात हा दगड हवा तेवढा मिळतो आणि संगमरवरापेक्षा कितीतरी टिकतो. त्यावर एका मुलीचे नाव, आमचे आडनाव, ‘वय ३ वर्षे’ आणि ‘ऑक्टोबर १९१८’. आत्याला छायाचित्र दाखवले. तिने ते नाव कधीही ऐकलेले नव्हते.

आता दगडावरून नोंदवहीकडे जायचे होते. थडग्यावरचा मजकूर हा घरच्यांनी लिहून दिलेला असतो आणि कारागिराने कोरलेला असतो. समितीला त्यापलीकडचा, त्या वेळी लिहिला गेलेला पुरावा हवा होता, आणि तसा पुरावा म्हणजे मंडळीची, म्हणजे एका चर्चच्या सभासदांच्या समूहाची, दफन नोंदवही. ही वही तारखेच्या क्रमाने चालते आणि तिला नावांची सूची नसते, त्यामुळे हातात तारीख नसेल तर पानेच्या पाने चाळत बसावे लागते. दगडावरच्या तारखेचा खरा उपयोग इथे होतो. जूनच्या उकाड्यात दफन त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी होणार, म्हणजे दोन सालांची दोन-दोन पाने पाहिली की पुरे.

मात्र वही कुठे आहे हे कळायला एप्रिल गेला. इंदुरात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८७७ साली सुरू झाले. १९२४ मध्ये त्या मंडळ्या ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त गेल्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले तेव्हा त्यात सामील झाल्या. एकाच इमारतीतल्या वह्यांवर म्हणून तीन वेगवेगळी शीर्षके आढळतात, आणि मधल्या हस्तांतरांत कुठली पेटी कुणाच्या ताब्यात गेली हे सांगणारा माणूस शोधावा लागतो. रेसिडेन्सीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश वस्तीच्या, बाजूचे पांढरे चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचे. तिथल्या वह्या वेगळ्या. आपले पूर्वज कोणत्या पंथाच्या मंडळीचे होते हे आधी ठरवले नाही, तर चुकीच्या दारावर महिनोन्‌महिने जातात. मी पाळकसाहेबांना लेखी अर्ज दिला, त्यात नाव, तारीख, दोन्ही संभाव्य साले आणि दगडाचे छायाचित्र जोडले, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. जुन्या वह्या वरच्या कार्यालयात असल्याचे कळले. तिथून परवानगी यायला जून उजाडला. मधल्या काळात पाहावे तो कर्मचारी निवडणुकीच्या कामावर होता. इंदूरचे मतदान १३ मे रोजी होते.

ही वाट पाहताना घरबसल्या जे करता येण्याजोगे होते ते करून पाहिले. अँग्लिकन चॅप्लेन, म्हणजे सरकारी सेवेतल्या पाळक, लोकांकडच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नकला बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन मालिकांत लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात. वंशावळ शोधण्याचे फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. १९७६ साली इंग्लंडात स्थापन झालेली एक संस्थाही दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींची माहिती जमवते. माझ्या पदरात यांतून काही पडले नाही, आणि तसे ते पडण्याची शक्यताही कमीच होती, कारण या संग्रहांत मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आहेत. साहेबांच्या थडग्यांचे लेख छापले गेले. त्यांच्या शेजारी निजलेल्या कंपाउंडरांचे, मास्तरांचे आणि बायबलबायांचे राहिले. देशी ख्रिस्ती कुटुंबाला स्थानिक मंडळीच्या वहीला पर्याय नाही. ज्यांचे पूर्वज इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत नोकरीला होते त्यांनी मात्र हे संग्रह अवश्य पाहावेत.

जूनमध्ये वह्या पाहायला मिळाल्या. शोधशुल्क पाचशे रुपये आणि प्रत्येक प्रमाणित उताऱ्याचे दोनशे. अटी अशा होत्या की वही बाहेर न्यायची नाही, पान मी स्वतः उलटायचे नाही, आणि छायाचित्र फक्त आपल्या नोंदीचे काढायचे. अटी योग्यच होत्या. एका पावसाळ्यात छत गळून काही वह्यांची पाने एकमेकांना चिकटली आहेत, आणि ती घाईने सोडवली तर शाई दुसऱ्या पानावर उतरते.

१९३१च्या जूनमध्ये आमच्या आडनावाची एकही नोंद नव्हती. १९३९ मध्ये ७ जूनच्या पुढच्याच दिवशी ती सापडली. रकाने होते ते असे: मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, वय, व्यवसाय, मृत्यूचे कारण, दफन करणाऱ्या पाळकाची सही. वय ५० लिहिले होते, म्हणजे जन्म १८८९च्या सुमाराचा. दगड तर १८८४ म्हणत होता. व्यवसायाच्या रकान्यात व्यवसाय नव्हता, ‘अमक्याची विधवा’ असे होते, आणि ते नाव सेवापुस्तकातल्या नावाशी अक्षरशः जुळत होते. समितीला हवा असलेला दुवा मिळाला होता. मी तिथेच उठले असते तरी चालले असते, पण दुसऱ्या दगडावरचा ऑक्टोबर १९१८ डोक्यात होता, म्हणून ती वहीही मागितली.

त्या वहीत सप्टेंबर १९१८ पर्यंत एका पानावर दोन-तीन महिने मावतात. ऑक्टोबर सुरू झाला की एकेक आठवडा पानभर होतो. आधी टापटीप असलेले अक्षर सुटत जाते, रेषेबाहेर जाते, आणि कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत ‘इन्फ्लुएंझा’ लिहून खाली फक्त तेच ते दाखवणाऱ्या खुणा ओढलेल्या आहेत. तीन वर्षांच्या मुलीची नोंद १५ तारखेला. तिच्या खाली चार नोंदी सोडून, तारीख १९, आमचे आडनाव, वय ३६, व्यवसाय कंपाउंडर. आईसोबत राहिलेले माझे आजोबा त्या वेळी सात वर्षांचे होते.

तर पणजोबा प्लेगात गेले नव्हते. प्लेगने मुंबई १८९६ साली गाठली आणि पुढची कित्येक वर्षे तो मालव्यासह देशभर फिरत राहिला, त्यामुळे जुन्या लोकांच्या बोलण्यात प्रत्येक साथ प्लेगच झाली असावी. १९१८चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरात आलेली दुसरी लाट जीवघेणी होती. भारतात त्याने घेतलेल्या बळींचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आहेत. दवाखान्यात औषधांच्या पुड्या बांधणारा माणूस त्यातून वाचणे कठीणच होते. त्या महिन्यात ज्यांना पुरले त्यांतल्या बहुतेकांच्या नावाचा दगड आज दफनभूमीत नाही. लाकडी क्रूस लावले असतील तर ते पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात गेले असणार. पणजोबांच्या नोंदीत जागेचा उल्लेख नाही. मुलीचा दगड आणि पणजीचा ओटा यांच्यामध्ये एका थडग्याएवढी मोकळी जागा आहे, आणि विधवा पणजीला कुठे पुरावे हे ठरवताना आजोबांनी ती मुद्दाम सोडली असावी असा माझा अंदाज आहे. तो अंदाज म्हणूनच मी वहीत लिहिला आहे.

अर्जाचे बाकीचे काम जुलैमध्ये झाले. आजोबांची १९११ची बाप्तिस्म्याची नोंद, जिच्यात आई आणि वडील दोघांचीही नावे होती, आजोबांचे सेवापुस्तक, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, माझे जन्मप्रमाणपत्र: अशी साखळी लावली. समितीला पणजीचा सरकारी मृत्युदाखलाही हवा होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. तो बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, आणि त्याआधीच्या नोंदी सगळ्यांच्या असतीलच असे नाही. अशा वेळी ‘दाखला नाही’ म्हणून परत येऊ नये, तर नोंदणी कार्यालयाकडे अनुपलब्धता प्रमाणपत्राचा अर्ज करावा. शोध घेतला पण नोंद सापडली नाही, असे ते लेखी देतात, आणि हा कागद मृत्युदाखल्याच्या जागी लावता येतो. शुल्क नाममात्र, वेळ तीन आठवडे. आमच्या खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा अर्ज कधी कुणी केल्याचे आठवत नव्हते, त्यामुळे नियमाचा छापील उतारा सोबत नेला तो कामाला आला. वंशावळीचे, ज्याला इथल्या कचेऱ्यांत सिजरा म्हणतात, प्रतिज्ञापत्र मुद्रांकावर टंकून नोटरीसह सहाशे रुपयांत झाले. त्यावर आत्याची आणि चुलतभावांची सही घेतली, म्हणजे पुढे कुणाची हरकत नको.

अर्ज १४ ऑगस्टला दिला. सप्टेंबरअखेर दोन शंका आल्या. पहिली, दगडावर आडनावातला ळ हा ल असा कोरलेला आहे. दुसरी, दगडावरचे जन्मसाल आणि वहीतले वय जुळत नाही. पहिलीचे उत्तर सोपे होते: मराठी न येणाऱ्या कारागिराने कोरलेले असे ल आमच्याच रांगेत आणखीही दिसतात, त्यांची छायाचित्रे जोडली. दुसरीला एका वाक्यात उत्तर देण्यासारखे नव्हते, आणि खरे तर तोच प्रश्न मलाही पडला होता.

उत्तराचा धागा आधीच हाती लागलेला होता. जूनमध्ये वह्या पाहताना सभासदांची यादीही पाहिली होती, कारण एका मंडळीतून दुसरीत जाणारा सभासद आपल्या जुन्या पाळकाचे पत्र घेऊन येतो आणि ते यादीत टिपले जाते. पणजीच्या नावापुढे लिहिले होते: ‘नगर मंडळीच्या पत्रावरून दाखल, जानेवारी १९०७’. दिवाळीनंतर, नोव्हेंबरमध्ये, आधी पत्र पाठवून आणि फोनवर वेळ ठरवून, मी भाच्यासोबत रात्रीच्या बसने धुळे-मनमाडमार्गे नगरला गेले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ पासून आहे. तिथले पाळकसाहेब म्हणाले, “ताई, सालाचा अंदाज असेल तरच बसा, नाहीतर हे समुद्रातून मोती काढणे आहे.” अंदाज होता. डिसेंबर १९०६च्या पानावर विवाहाची नोंद निघाली.

१८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेल्या नोंदवहीत वधूवरांचे वय, पूर्वस्थिती, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचे नाव एवढे रकाने असतात, म्हणून वंश शोधणाऱ्याला दफनाच्या नोंदीपेक्षा विवाहाची नोंद जास्त देते. वर: वय २४, कंपाउंडर, राहणार इंदूर छावणी, आणि वडिलांचे पूर्ण नाव. आम्ही एक पिढी मागे गेलो. वधू: वय १८, राहणार मिशनचा अनाथाश्रम, नगर. वडिलांच्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

त्या रेघेमुळे बाप्तिस्म्याच्या वहीत १९०० साल काढले. १८९९-१९००च्या दुष्काळात या भागातल्या मिशनांनी आईबाप गमावलेली मुले मोठ्या संख्येने ठेवून घेतली होती. डिसेंबर १९००च्या एका दिवशी एकामागून एक मुलींची नावे आहेत, आणि प्रत्येकीच्या वयाआधी ‘अंदाजे’. पणजीचे अंदाजे १२. गाव लिहिलेले नाही, आईबापांची नावे नाहीत. बहुतेक मुलींची नावे बायबलमधली आहेत, पणजीचेही तसेच आहे. दुष्काळापूर्वी तिला घरी काय म्हणत असत ते त्या पानावर नाही. पणजीच्या बाजूने आमचा वंश त्या पानाच्या मागे जात नाही, आणि तो जावा म्हणून कुठलेतरी गाव आणि आडनाव जोडून देणारे भेटले तर त्यांच्यापासून दूर राहायचे मी ठरवले आहे.

समितीला मी लेखी उत्तर दिले ते असे. विवाहाच्या नोंदीतले वय, बाप्तिस्म्याच्या नोंदीतले वय आणि दफनाच्या नोंदीतले वय ही तिन्ही १८८८ किंवा १८८९ या सालांपाशी येतात. दगड मात्र १९५४चा आहे. आपला जन्म कधीचा हे पणजीला स्वतःलाच माहीत नव्हते, मग ती गेल्यानंतर पंधरा वर्षांनी मुलाने पाटीसाठी साल सांगितले ते अदमासानेच सांगितले असणार. घटनेच्या जवळ लिहिलेला कागद जास्त विश्वासाचा, आणि दगडही त्याच्या मृत्युतारखेपुरता विश्वासाचाच, कारण ती दफन नोंदवहीशी जुळते. दोन्ही उतारे सोबत जोडले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजुरीचे पत्र आले. शुल्क साडेसात हजार रुपये, मुदत ऑगस्ट २०३९ पर्यंत. पणजोबांच्या नावे वेगळी जागा नोंदवता येणार नाही, कारण जमिनीवर खूण नाही; पण नोंदणीकृत थडग्यावर कुटुंबातल्या व्यक्तीचे नाव जोडता येते, त्यासाठी पुरावा आणि मजकुराचा मसुदा द्यावा लागतो. १९१८चा उतारा जोडला आणि पणजीच्या पाटीला हात न लावता, ओट्याच्या पायथ्याशी नवी लहान पट्टी बसवली. तिच्यावर पणजोबांचे आणि त्या मुलीचे नाव मराठीत आहे. आजोबांचा दगड हिंदीत आहे आणि वडिलांचा इंग्रजीत, त्यामुळे भावंडांत यावर बरीच चर्चा झाली. कारागिराने अक्षरामागे पंचवीस रुपये घेतले. मी मजकूर मोठ्या टंकात छापून, प्रत्येक ळ लाल शाईने गोल करून दिला आणि रंग भरण्याआधी कोरलेली पट्टी पाहून सही केली. जन्मसाल कुणाचेही घातले नाही.

एक गोष्ट अर्ज करतानाच करून ठेवावी. अर्जात सहअर्जदाराचा रकाना असतो आणि तो बहुतेक लोक रिकामा सोडतात. २०३९ साली मी पंच्याहत्तरीच्या घरात असेन, म्हणून तिथे भाच्याचे नाव आणि त्याचा फोन नंबर घातला. नूतनीकरणाची सूचना आता त्यालाही जाईल. साऱ्या उताऱ्यांचा एक संच त्याच्याकडे दिला आहे, एक आत्याच्या ट्रंकेत आहे, आणि एक आम्ही समितीच्या फायलीत पृष्ठक्रमांक घालून, पोच घेऊन जमा केला आहे.